यंत्राच्या दप्तराची परीक्षा



आपल्या घरांतील किती गोष्टी कोणाच्या तरी दप्तरांत लिहून ठेवलेल्या असतात, याचा आपण क्वचितच विचार करतों. बँकेंतील शिल्लक, विम्याचा हप्ता, रेल्वेचें आरक्षण, गांवाकडील जमिनीचा सातबारा, मुलांचे परीक्षेंतील गुण, या साऱ्यांच्या नोंदी पूर्वीं जाड पुठ्ठ्याच्या वह्यांत असत; आतां त्या संगणकांतील डेटाबेसांत असतात. वहीच्या काळीं कारकुनाच्या हातून चूक झाली तर खाडाखोड दिसे, आणि शेजारच्या टेबलावरील दुसरा कारकून ती दाखवून देई. आतां नोंद करतो तो प्रोग्रॅम. तो चुकला तर खाडाखोड दिसत नाहीं. एकच चूक एका रात्रींत हजारों खात्यांत सारख्याच सुबक अक्षरांत उतरूं शकते. म्हणून हे प्रोग्रॅम लोकांच्या कामाला लावण्यापूर्वीं कसे पारखले जातात, आणि त्या पारखणींत नेमकी अडचण कोठें येते, हें समजून घेणें संगणकाचा धंदा न करणाऱ्या माणसालाहि अगत्याचें आहे. त्या अडचणीविषयीं आज मी बोलणार आहें.

प्रोग्रॅम तपासण्याच्या ज्या अनेक रीती आहेत, त्यांपैकीं पायाची रीत म्हणजे युनिट टेस्ट. तिला आपण घटकपरीक्षा म्हणूं. मोठा प्रोग्रॅम शेंकडों लहान घटकांचा बनलेला असतो. एक घटक व्याज काढतो, दुसरा दिवस मोजतो, तिसरा नांवांचा क्रम लावतो. यांतील एकेक घटक वेगळा काढून त्याला ठराविक प्रश्न विचारावयाचे, आणि आलेलें उत्तर आधींच लिहून ठेवलेल्या उत्तराशीं ताडून पाहावयाचें, ही घटकपरीक्षा. येथें परीक्षकहि एक लहानसा प्रोग्रॅमच असतो. ही रीत केंट बेक या अमेरिकन प्रोग्रॅमरनें प्रथम स्मॉलटॉक भाषेसाठीं सांच्यांत बसविली. पुढें १९९७ सालीं झुरिकहून अटलांटाला जाणाऱ्या विमानांत त्यानें व एरिक गामा यानें मिळून तिचा जावा भाषेंतील अवतार लिहावयास घेतला. तो जेयुनिट या नांवानें जगभर पसरला, आणि प्रचारांतील बहुतेक प्रत्येक संगणकभाषेला आज त्या वळणाचें साधन आहे.

या परीक्षेचें सामर्थ्य तीन गुणांत आहे. ती झटपट आटोपली पाहिजे, म्हणजे प्रोग्रॅमरला प्रत्येक लहान फेरफारानंतर ती घेण्याचा कंटाळा येणार नाहीं. ती स्वतंत्र पाहिजे, म्हणजे एकीचा निकाल दुसरीवर अवलंबूं नये. आणि घटकांत फरक केला नसेल तर ती कितीहि वेळां घेतली तरी निकाल तोच आला पाहिजे. ज्यांनीं शाळेंत तोंडी परीक्षा घेतल्या आहेत, त्यांना हें निराळें सांगावयास नको. आंतल्या मुलाला विचारलेला प्रश्न दाराबाहेरच्या मुलांनीं ऐकला, कीं पुढच्या निकालांना फारसा अर्थ उरत नाहीं.

आतां डेटाबेसकडे वळूं. १९७० सालीं आय.बी.एम.च्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेंत काम करणाऱ्या एडगर कॉड यानें एक निबंध प्रसिद्ध केला, आणि माहिती परस्परसंबद्ध कोष्टकांच्या रूपानें कशी ठेवावी याचा पाया घातला. आजचे बहुतेक मोठे डेटाबेस त्याच पायावर उभे आहेत. हें कोठार मोठें जागरूक असतें. एकाच क्रमांकाचे दोन सभासद तें नोंदूं देत नाहीं; ज्या सभासदाची नोंदच नाहीं त्याच्या नांवें पुस्तक देऊं देत नाहीं; आणि प्रोग्रॅम बंद झाला तरी तें विसरत नाहीं. व्यवहारांत हे सारे सद्गुण आहेत. परीक्षेच्या खोलींत मात्र हेच सद्गुण त्रासाचे होतात. कसे, तें एका उदाहरणानें पाहूं.

एका वाचनालयाचा प्रोग्रॅम आहे असें समजा. नियम असा कीं, पुस्तक १४ दिवस ठेवतां येतें; त्यापुढें दर दिवसास १ रुपया दंड; परंतु कोणत्याहि एका पुस्तकावर दंड ५० रुपयांच्या वर जाऊं नये. या नियमाची परीक्षा घेण्यास चार प्रश्न पुरेसे आहेत. १४ व्या दिवशीं पुस्तक परत केलें तर दंड शून्य. १५ व्या दिवशीं १ रुपया. ६४ व्या दिवशीं ५० रुपये. आणि १०० व्या दिवशींहि ५० रुपयेच. परंतु पुष्कळ प्रोग्रॅमांची घडण अशी असते कीं, ज्या घटकांत हा नियम लिहिला आहे तोच घटक डेटाबेस उघडतो, सभासदाची नोंद शोधतो, पुस्तक नेल्याची तारीख वाचतो, दंड काढतो, आणि तो सभासदाच्या खात्यावर मांडतो. मग त्या चार सोप्या प्रश्नांसाठीं आधीं डेटाबेस चालू पाहिजे, त्यांत कोष्टकें पाहिजेत, एक सभासद पाहिजे, एक पुस्तक पाहिजे, आणि त्या सभासदानें तें पुस्तक अमुक तारखेस नेल्याची नोंद पाहिजे. प्रश्न एका ओळीचा, आणि पूर्वतयारी पानभर!

पूर्वतयारी ही झाली पहिली अडचण. दुसरी अडचण मागें उरणाऱ्या खुणांची. पहिल्या परीक्षेनें सभासदाच्या खात्यावर १ रुपया मांडला. दुसरी परीक्षा त्याच सभासदावर घेतली, तर तिला खातें कोरें सांपडत नाहीं. ती एकटी घेतली तर उत्तीर्ण होते, सर्वांबरोबर घेतली तर अनुत्तीर्ण. याहून वाईट प्रकार उलटा असतो. आधीच्या परीक्षेनें टाकलेल्या नोंदीच्या आधारावर पुढची परीक्षा उत्तीर्ण होते, आणि घटकांतील दोष झांकला जातो. असे निकाल दोन-चार वेळां आले, कीं प्रोग्रॅमरांचा परीक्षेवरचा विश्वास उडतो, आणि खरी चूक दाखविणारा निकालहि ‘पुन्हां एकदां चालवून पाहा’ म्हणून बाजूला सारला जातो. परीक्षा नसण्यापेक्षां अविश्वासू परीक्षा असणें अधिक घातक, तें यासाठीं.

तिसरी अडचण वेळाची. संगणकाच्या स्मृतींतील बेरीज-वजाबाकी एका सेकंदांत कोट्यवधि वेळां होते. परंतु डेटाबेसशीं बोलणें म्हणजे दुसऱ्या कार्यालयांत जासूद पाठविण्यासारखें आहे. मायकेल फेदर्स यानें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकांत म्हटलें आहे कीं, जिला सेकंदाचा दहावा भाग लागतो ती घटकपरीक्षा मंद समजावी. हें ऐकून प्रथम हसूं येतें. पण हिशेब करून पाहा. ३,००० परीक्षांना प्रत्येकीं दहावा भाग लागला तरी पांच मिनिटें गेलीं. प्रत्येकीं एक सेकंद लागला तर ५० मिनिटें. पन्नास मिनिटांची परीक्षा दिवसांतून वीस वेळां कोण घेईल? डेटाबेसशीं बोलणाऱ्या परीक्षेला घटकपरीक्षा म्हणूंच नये, असें फेदर्सचें मत आहे. अशा परीक्षा त्याज्य आहेत असा त्याचा अर्थ नव्हे. त्यांची जात निराळी, म्हणून त्यांची पंगतहि निराळी असावी, एवढाच त्याचा आशय.

चौथी अडचण सामायिक वापराची, आणि तिच्याच पोटीं खरें संकट आहे. परीक्षा सुरू होण्यापूर्वीं जुन्या खुणा नाहींशा कराव्या म्हणून पुष्कळ ठिकाणीं डेटाबेस साफ पुसून नव्यानें मांडतात. आतां ही पुसण्याची आज्ञा चुकून खऱ्या दप्तराकडे गेली तर? नोव्हेंबर २०१० मध्यें तसेंच झालें. जगांतील असंख्य प्रोग्रॅमर आपला कोड ज्या ठिकाणीं ठेवतात, त्या गिटहब संस्थेंत व्यवस्थेच्या एका चुकीमुळें परीक्षांचा संच खऱ्या डेटाबेसवर चालला. त्यानें नित्याप्रमाणें कोष्टकें नष्ट केलीं व नवीं कोरीं उभीं केलीं. राखीव प्रतीवरून दप्तर परत उभें करीपर्यंत ती सेवा बंद राहिली. परीक्षकानें आपलें काम अगदीं शिस्तीनें केलें होतें. तो भलत्याच खोलींत शिरला होता, इतकेंच.

या अडचणींवर जे उपाय निघाले, त्यांतला पहिला म्हणजे खऱ्या डेटाबेसच्या जागीं तोतया उभा करणें. तोतया म्हटला कीं पानिपतच्या रणांत नाहींशा झालेल्या सदाशिवरावभाऊंच्या नांवानें पुढें आलेला तोतया मराठी माणसाला आठवतो. प्रोग्रॅमरांचा तोतया मात्र सर्वांच्या संमतीनें उभा केलेला असतो. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग यांनीं २००० सालीं मॉक ऑब्जेक्ट या नांवानें ही कल्पना मांडली, आणि २००७ सालीं जेरार्ड मेसारोस यानें अशा बदली पात्रांचे पांच प्रकार वर्णिले. कोणी ठरलेलें उत्तर तेवढें देतो, कोणी आपल्याला काय विचारलें गेलें याचें टिपण ठेवतो, कोणी खऱ्याचें काम लहान प्रमाणावर खरोखरच करून दाखवितो. वाचनालयाच्या उदाहरणांत तोतयाला शिकवून ठेवावयाचें कीं, ‘सभासदाविषयीं विचारलें तर पुस्तक अमुक तारखेस नेलें असें सांग.’ डेटाबेस चालू नको, कोष्टकें नकोत, खुणा उरत नाहींत, आणि परीक्षा डोळ्याचें पातें लवण्याच्या आंत होते.

परंतु तोतया आपण शिकविलेलेंच बोलतो, ही त्याची मर्यादा. प्रोग्रॅम डेटाबेसला प्रश्न विचारतो तो बहुधा एस्क्यूएल नांवाच्या भाषेंत, आणि प्रोग्रॅमच्या दृष्टीनें तो प्रश्न म्हणजे अक्षरांची एक माळ असते. त्या माळेंत स्वल्पविराम राहिला, रकान्याचें नांव चुकलें, किंवा काल ज्या रकान्याचें नांव ‘दूरध्वनी’ होतें तें आज कोणी ‘भ्रमणध्वनी’ केलें, तरी तोतया मान डोलावून शिकविलेलें उत्तर देतो. परीक्षा उत्तीर्ण होते, आणि दुसऱ्या दिवशीं वाचनालयाच्या खिडकीवर प्रोग्रॅम कोसळतो. डेटाबेस कसा वागेल याविषयींची आपली समजूत चुकीची असेल, तर ती प्रोग्रॅममध्यें एकदां व तोतयामध्यें दुसऱ्यांदा लिहिली जाते, आणि दोन चुका एकमेकींना साक्ष देतात.

दुसरा उपाय म्हणजे खऱ्या अवजड डेटाबेसच्या जागीं हलका डेटाबेस घेणें. रिचर्ड हिप यानें २००० सालीं प्रसिद्ध केलेला एस्क्यूलाइट हा असा आहे. आपल्या खिशांतील मोबाइलमध्येंहि तोच नांदतो. तो संपूर्णपणें स्मृतींत उभा करतां येतो, आणि परीक्षा संपतांच विरून जातो. एस्क्यूएलचें व्याकरण तो खरोखरच तपासतो, म्हणून तोतयापेक्षां हा उपाय एक पायरी वरचा. तथापि प्रत्येक डेटाबेसचे संस्कार निराळे असतात. वीस अक्षरांची मर्यादा घातलेल्या रकान्यांत एस्क्यूलाइट चाळीस अक्षरें बिनतक्रार ठेवून घेतो. पोस्टग्रेस तीं नाकारतो. कोष्टकांमधील नात्यांचे नियम एस्क्यूलाइट सहसा सांगितल्यावांचून पाळीत नाहीं. म्हणजे नसलेल्या सभासदावरहि दंड मांडूं देतो. ओरॅकल हा कोरी जागा व ‘माहिती नाहीं’ यांत भेद करीत नाहीं. इतर बहुतेक करतात. मायएस्क्यूएल त्याच्या नेहमींच्या मांडणींत शोध करतांना रोमन लिपींतील मोठीं व लहान अक्षरें एकच मानतो. पोस्टग्रेस मानीत नाहीं.

आपल्या लिपीशीं संबंध असलेला एक भेद तर मुद्दाम सांगण्याजोगा आहे. ‘ज्ञानेश्वर’ हें नांव आपण चार अक्षरांचें मोजतों. संगणक प्रत्येक व्यंजन, हलन्त व मात्रा निराळी धरून त्यांत दहा खुणा मोजतो, आणि प्रचलित यूटीएफ-८ पद्धतींत प्रत्येक खुणेस तीन बाइट लागून तें तीस बाइट होतें. पोस्टग्रेसमध्यें वीसची मर्यादा खुणांवर असते, म्हणून नांव मावतें. ओरॅकलमध्यें निराळें सांगितलें नाहीं तर वीसची मर्यादा बाइटांवर असते, म्हणून तेंच नांव परत येतें. परीक्षेंतील सर्व सभासदांचीं नांवें रोमन लिपींत घातलीं असतील, तर हा दोष कधींच उघडकीस येणार नाहीं. तालीम एका रंगभूमीवर आणि प्रयोग दुसऱ्या रंगभूमीवर केला म्हणजे दारें भलत्याच बाजूला निघतात, तसाच हा प्रकार.

तिसरा उपाय अधिक चतुराईचा आहे. मोठ्या डेटाबेसांत व्यवहार नांवाची सोय असते. एका व्यवहारांतील सर्व नोंदी एकदम पक्क्या होतात, किंवा त्यांपैकीं एकहि होत नाहीं. एका खात्यांतून पैसे वजा झाले आणि दुसऱ्यांत जमा झाले नाहींत, असें होऊं नये म्हणून ही योजना. तिचा उपयोग परीक्षेला असा करतात कीं, आरंभीं व्यवहार सुरू करावयाचा, सभासद, पुस्तक व नोंद त्यांत घालावयाची, घटकाला काम करूं द्यावयाचें, निकाल ताडून पाहावयाचा, आणि अखेरीस व्यवहार पक्का न करतां रद्द करावयाचा. पाटीवर गणित सोडवून ओल्या फडक्यानें पुसावें तसें दप्तर पुन्हां कोरें होतें. डेटाबेस खरा, आणि खुणा जवळजवळ नाहींत. प्रचारांतील कांहीं साधनसंचांनीं हीच रीत आपल्या परीक्षांत अंगभूत केली आहे.

‘जवळजवळ’ हा शब्द मीं हेतुपूर्वक वापरला. पोस्टग्रेसमध्यें व्यवहार रद्द झाला तरी मालिकेंतून दिलेले अनुक्रमांक परत येत नाहींत. म्हणून ‘नव्या सभासदाचा क्रमांक १ असावा’ असें धरून चालणारी परीक्षा दुसऱ्या खेपेस फसते. कांहीं नियम व्यवहार पक्का होण्याच्या क्षणींच तपासावे अशी मुभा असते. जो व्यवहार कधींच पक्का होत नाहीं त्यांत ते नियम तपासलेच जात नाहींत. पोस्टग्रेसला ‘आतां किती वाजले’ असें विचारण्याची जी नेहमींची रीत आहे, ती व्यवहाराच्या आरंभाचीच वेळ सांगते. म्हणून एका परीक्षेंतील साऱ्या नोंदींवर एकच वेळ पडते, आणि आधीं कोण व मागून कोण हें ठरवितां येत नाहीं. मायएस्क्यूएलमध्यें कोष्टकाची रचना बदलणारी आज्ञा दिली, कीं चालू व्यवहार आपोआप पक्का होतो व पुसण्याची संधि जाते. आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, एका पुस्तकाची शेवटची प्रत दोन सभासदांनीं एकाच क्षणीं मागितली तर काय होतें, हें एकाच व्यवहाराच्या आंत बसून कळणें शक्य नाहीं. त्यासाठीं दोन निराळ्या जोडण्या पाहिजेत. आणि अशा प्रसंगीं पोस्टग्रेस व मायएस्क्यूएल यांचे नेहमींचे नियमहि एकसारखे नाहींत.

२०१३ सालीं डॉकर हें साधन निघाल्यापासून चौथा उपाय सुलभ झाला आहे. ज्या जातीचा व ज्या आवृत्तीचा डेटाबेस प्रत्यक्ष कामावर आहे, तोच एका बंद डब्यांत क्षणभरासाठीं उभा करावयाचा, आणि काम होतांच डब्यासह टाकून द्यावयाचा. प्रोग्रॅमर आपल्या स्वतःच्या संगणकावर हें करूं शकतो, म्हणून सामायिक वापराची अडचण उरत नाहीं. डबा उभा होण्यास कांहीं सेकंद लागतात. परंतु तो सर्व परीक्षांसाठीं एकदांच उभा करून आंत प्रत्येकीला व्यवहार रद्द करण्याची रीत लावली, तर तो खर्च सोसतो.

हीं झालीं औषधें. पथ्य निराळें आहे, आणि औषधापेक्षां तें अधिक गुणकारी आहे. नियम जाणणारा घटक व नोंद ठेवणारा घटक हे मुळांतच वेगळे करावे. पुस्तक नेल्याची तारीख व परत केल्याची तारीख एवढ्या दोनच गोष्टी घेऊन दंडाचा आंकडा देणारा एक घटक असावा. त्याला डेटाबेसचें नांवहि ठाऊक नसावें. त्यानें आजची तारीखहि संगणकाच्या घड्याळाला विचारूं नये. ती त्याच्या हातांत द्यावी. मग आपले चार प्रश्न चार ओळींचे होतात, आणि तोतयाचीहि गरज राहत नाहीं. तारीख शोधून आणणारा व दंड मांडून ठेवणारा घटक निराळा. त्याच्या परीक्षा थोड्या असाव्या, परंतु त्या खऱ्या डेटाबेसवरच घ्याव्या, कारण तो चुकला तर दप्तराच्या भाषेंतच चुकणार. शेवटीं दोघांना जोडून एक-दोन संपूर्ण फेऱ्या घ्याव्या. झटपट परीक्षा दर फेरफारास, डेटाबेसच्या परीक्षा नवा कोड सर्वांच्या कोडांत मिसळण्यापूर्वीं, अशी वाटणी केली म्हणजे वेळहि वाचतो व विश्वासहि टिकतो.

या पथ्यालाहि मर्यादा आहे. लाखभर सभासदांतून ज्यांचा दंड थकला आहे तेवढे निवडावयाचे असतील, तर लाखभर नोंदी बाहेर काढून प्रोग्रॅममध्यें चाळणें हा शुद्धतेचा अतिरेक होईल. तें काम डेटाबेसनेंच करावें; परंतु अशा वेळीं नियमच एस्क्यूएलच्या प्रश्नांत वसतो, आणि त्याची परीक्षा तोतयापुढें घेणें म्हणजे मुलाच्या ऐवजीं त्याच्या दप्तराची परीक्षा घेण्यासारखें आहे. तेथें खरा डेटाबेसच पाहिजे.

एक शब्द परीक्षेंतील माहितीविषयीं. कित्येक ठिकाणीं खऱ्या दप्तराची नक्कल काढून तिच्यावर परीक्षा घेण्याचा मोह होतो. त्यांत खऱ्या माणसांचीं नांवें, पत्ते व शिलकी असतात, आणि परीक्षेची खोली दप्तरखान्याइतकी बंदिस्त नसते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशांत २०२३ सालीं संमत झाला; पण कायदा नसता तरी दुसऱ्याचें बँकेचें पुस्तक पाहूं नये ही रीत आपल्या घरांत होतीच. प्रत्येक परीक्षेनें आपल्याला लागेल तेवढा एक सभासद स्वतः निर्माण करावा. त्याला कधीं देवनागरी नांव द्यावें, कधीं आडनांव नसावें, कधीं त्याचा जन्म २९ फेब्रुवारीचा असावा.

तात्पर्य इतकेंच. नियमाची परीक्षा डेटाबेसला दूर ठेवून घ्यावी, नोंदीची परीक्षा खऱ्याच डेटाबेसवर घ्यावी, आणि परीक्षेच्या हातीं लोकांच्या दप्तराची किल्ली कधींहि देऊं नये. हीं तीन सूत्रें साधीं आहेत. परंतु तीं पाळावयास आधीं वेळ व पैसा खर्च करावा लागतो, आणि त्याचें फळ मात्र जी चूक घडलीच नाहीं तिच्या रूपानें मिळतें. न घडलेली चूक कोणाच्या डोळ्यांस दिसत नाहीं, म्हणून या खर्चावर प्रथम कात्री चालते. एखाद्या पतपेढीच्या, वाचनालयाच्या किंवा गृहसंस्थेच्या कार्यकारी मंडळावर आपल्यापैकीं कोणी असतील, आणि नवा प्रोग्रॅम विकत घेण्याचा प्रश्न त्यांच्यापुढें येईल, तर त्यांनीं किंमतीबरोबर आणखी दोन प्रश्न विचारावे. याच्या परीक्षा कोणत्या डेटाबेसवर घेतल्या? आणि खऱ्या दप्तरापासून त्या परीक्षा दूर कशा ठेवल्या आहेत? उत्तर देणारा जर अडखळला, तर ठराव पुढच्या सभेवर ढकलण्यास हरकत नाहीं.